देवाचं वकीलपत्र घेत न्हाई

सुजाता भालेराव वकीलबाईंकडे मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा मारतो की पितो हेही विचारलं नाही. भुईमुगाची शेंग फोडून दाणे तोंडात टाकत त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं दडवलंय?"

"काय दडवलंय?"

"पैसं गं. तांदळात, पिठात, का आईकडं?"

मी ताठ बसले. म्हटलं, "बाई, माझ्याकडे दमडी नाही. अंगावरच्या साडीनिशी बाहेर पडलेय मी."

बाईंनी टरफलं गोळा करून टोपलीत टाकली. माझ्यासाठी काढलेली कोरी फाईल उचलून परत कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "मग जा तू. एवढी वर्षं संसार करून जिनं काय बी दडवलं न्हाई, ती एक तर देव आसंल न्हाईतर खोटारडी. खोटारडीला मी सरळ करते. देवाचं वकीलपत्र घेत न्हाई."

झालं! दहा मिनिटांत माझ्या तोंडून सगळं बाहेर. माहेरच्या, पेठच्या बायकांबरोबरची भिशी, आईच्या ट्रंकेतली कर्णफुलं, आईच्याच नावावर पोस्टात टाकलेले पैसे आणि मावशीकडे अर्धलीनं, म्हणजे करडांच्या निम्म्या वाट्यावर, दिलेल्या दोन शेळ्या. शेळ्यांचं तर मी माझ्या सख्ख्या आईलाही बोलले नव्हते. बाईंनी ते सगळं प्रतिज्ञापत्रात घातलं, शेळ्यांसकट. मी घाबरून म्हटलं, "अहो, हे कशाला लिहिता? त्याला कळेल ना!" तर म्हणाल्या, "कळू दे. आधी आपलं पोतं झाडायचं, मग दुसऱ्याच्या पोत्यात हात घालायचा. तू सगळं सांगितल्यावर त्याच्या वकिलाला शोधायला काय ऱ्हातं, घंटा?"

बाई बोलायच्या अशा. कोर्टात मात्र "माननीय न्यायालयाच्या निदर्शनास आणू इच्छिते" वगैरे चालायचं. मराठी अशी स्वच्छ, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईनं जन्मात 'आयला' म्हटलं नसेल. कोर्टाचा दरवाजा ओलांडला की पहिला शब्द तोच. अंगानं स्थूल, पांढरी साडी, काखेत उसवलेला काळा कोट आणि गुडघे दुखतात म्हणून पायांत पोरांचे असतात तसले लालभडक स्पोर्ट शूज. ऑफिस नारायणगावात, एका खताच्या दुकानावर. त्यामुळे त्यांच्या सगळ्या फायलींना फवारणीच्या औषधाचा वास यायचा. जुन्नरच्या कोर्टात साहेब फाईल उघडून शिंकले की बाहेर बाकावर बसलेल्यांना कळायचं, भालेराव बाईंची केस पुकारली.

आता माझी केस सांगते, म्हणजे बाई कळतील. माझं माहेर पेठ, सासर खोडद. खोडदला त्या मोठमोठ्या दुर्बिणी आहेत. आकाशात कुठे काय खुट्ट झालं ते त्यांना ऐकू येतं म्हणे. पण त्यांच्या शेजारी राहून माझ्या नवऱ्याला द्राक्षाचे किती पैसे आले, हे मला वीस वर्षांत कळलं नाही. दिलीप माणूस वाईट नव्हता. मारायचा नाही, प्यायचा तो यात्रेपुरता. फक्त पैशाचं विचारलं की त्याला विंचू चावायचा. "तुला काय करायचंय? खायला मिळतंय ना?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मीही मग किराणातले वाचवायचे, खोटं सांगायचे. आमचा संसार म्हणजे दोन चोरांनी भाड्यानं घेतलेली एक खोली होती.

मुलगी, ऋतुजा, बारावी झाली. चांगले मार्क पडले. तिला फार्मसीला जायचं होतं. दिलीप म्हणाला, पैसे नाहीत, स्थळं बघू. मी म्हटलं, नाहीत तर कुठे गेले ते सांग. त्या महिन्यात त्यानं शर्यतीचा बैल आणला होता, हे मला गावाकडून कळलं होतं, त्याच्याकडून नव्हे. बैलाचं नाव 'कलेक्टर'. पोरगी फार्मासिस्ट होऊ शकत नाही, पण बैल कलेक्टर! मी हे तोंडावर बोलले. तो म्हणाला, "हिशेब विचारणारी बायको मला नको." मी पोरीला घेऊन पेठला आले आणि भावाच्या रानात भाजीच्या रोपांची लहानशी नर्सरी टाकली.

पोटगीचा आणि पोरीच्या शिक्षणाचा दावा लागला. कोर्टानं दोघांनाही आपापली सगळी मालमत्ता शपथेवर लिहून द्यायला सांगितली. दिलीपचं प्रतिज्ञापत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, कारण मला वाटलं कुणा दुसऱ्याचं आलंय. त्यात लिहिलं होतं, की जमीन धाकटा भाऊ विलास याला हक्कसोड करून दिली आहे, आपण विलासच्याच बागेत रोजानं कामाला जातो आणि आपल्याकडे वाहन नाही, जनावर नाही. बैलाबद्दल बाईंनी मुद्दाम वेगळं विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं, "कलेक्टर हा बैल माझे बंधू विलास यांचा असून त्यांनीच तो विकत घेतला व स्वतः पाळून वाढवला आहे."

मी डोक्याला हात लावून बसले. हक्कसोड माझ्या दाव्यानंतरच झाली होती, सगळ्या गावाला माहीत होतं ते. पण कागद कागदच. मजुराच्या रोजातून पोरीला किती मिळणार? पोरीचं एक वर्ष वाया गेलंच होतं, पुढच्या वर्षीची कॉलेजची यादी तरी हुकायला नको होती. बाईंनी हक्कसोड खोटी आहे असा अर्ज टाकला आणि मला म्हणाल्या, "रडू नको. बाप्या पैसा दडवील, जमीन दडवील, पोरं बी दडवील वेळ पडली तर. पण मोठेपणा नाय दडवत त्याला. त्यो खाजवतो."

सुनावणीत त्याच्या वकिलानं मोठ्या झोकात सांगितलं, की अर्जदार बाई गरिबीचं सोंग करतेय, तिची भिशी चालू आहे. साहेब पान उलटत म्हणाले, "ते तिनं लिहिलंय." वकील म्हणाला, "सोन्याची कर्णफुलं!" साहेब म्हणाले, "तीही लिहिलीत. दोन शेळ्याही आहेत. पुढे बोला." वकील खाली बसला. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पर्समधून एक शेंग काढली, आणि आपण कोर्टात आहोत हे आठवून परत ठेवली.

बाईंच्या स्वतःच्या घरी या बाबतीत कडक कायदा होता. नवरा निवृत्त मास्तर, स्वभावानं गरीब. दर पौर्णिमेला बुद्धवंदना झाली की दोघं समोरासमोर बसायचे आणि महिन्यात काय आलं, काय गेलं ते एकमेकांना सांगायचे. मी एकदा फाईल घेऊन येडगावला त्यांच्या घरी गेले, तर नेमकी पौर्णिमा. मास्तरांचं चहापाणी, रिक्षा, पेपरवाला सगळं सांगून झालं आणि बाई म्हणाल्या, "आणि वडापाव?" मास्तरांना साखर होती, डॉक्टरांनी बंदी केलेली. मास्तर चष्मा पुसायला लागले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. जंगम मालमत्ता खाऊन टाकली की लपवायला सोपी जाते." मास्तर एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. मला त्या दोघांचा हेवा वाटला, खरंच सांगते. माझा नवरा माझ्यासमोर असा पकडला जाऊन कधी हसला नव्हता.

चैत्रात आमच्या भागात यात्रा सुरू होतात आणि यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. गाडे पळतात त्या चढाच्या घाटावर कुणाची बारी आहे, म्हणजे कुणाचे बैल आता पळणार, ते स्टेजवरून निवेदक पुकारतो. मालकाचं नाव, गावाचं नाव, बैलाचं कौतुक, सगळं माइकवर. त्या पुकारण्यासाठी तर लोक बैल पाळतात. बघणाऱ्यातलं कुणी खूश झालं, की निवेदकाकडे बक्षीस आणि चार शब्द लिहून पाठवतं, तेही तो वाचून दाखवतो. मग मालकाला स्टेजवर बोलावून फेटा. फेट्यासाठी आमच्याकडे माणूस उपाशी राहील, पण फेटा सोडायचा नाही.

बाई म्हणाल्या, "चल, यात्रेला जाऊ. लई दिवसांत गोडीशेव खाल्ली न्हाई."

मी तोंडाला ओढणी गुंडाळून गेले. बाई लाल बूट घालून, हातात गोडीशेवेचा पुडा घेऊन, घाटाच्या कडेला एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसल्या. ट्रॉलीतल्या पोरांनी आपण होऊन जागा करून दिली. दिलीप खाली बैलांजवळ होता. कलेक्टरच्या पाठीवर झूल, शिंगांना रंग. स्वतः त्याची वेसण धरून उभा होता. बारी विलासच्या नावानं लावलेली होती, तेवढी अक्कल त्यानं राखली होती. बारी झकास झाली, घाट नुसता घुमला. तेव्हा बाईंनी पर्समधून पाचशेची नोट काढली, चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि एका स्वयंसेवकाच्या हातात दिल्या.

निवेदकानं वाचलं, "मंडळी, पाचशे रुपये बक्षीस! खोडदच्या कलेक्टरला! बैलाचे मालक विलासशेठ, त्यांनीच हा बैल विकत घेतला आणि स्वतः पाळून वाढवला! टाळ्या झाल्या पाहिजेत! विलासशेठ, या स्टेजवर, फेटा घ्या!"

विलास निघाला. लाजत लाजत, पण निघाला. त्याच्या डोक्याला फेट्याचा पहिला वेढा पडला आणि मी दिलीपकडे बघितलं. त्यानं वेसण दुसऱ्याच्या हातात दिली होती.

"ओ राव, थांबा!" तो स्टेजवर पोचला तेव्हा माइक आधीच त्याच्या हातात होता. कसा आला, देव जाणे. "कसला विलास? कलेक्टरला म्या आणलाय! रोख पैसं मोजून आणलाय! माझ्या बागेच्या पैशानं आणलाय! ह्यानं कधी त्याच्या म्होरं पेंड तरी टाकलीय का इचारा!"

"दादा, खाली उतर," विलास म्हणाला. तेही माइकवर आलं.

"उतरत न्हाय! आधी फेटा काढ!"

आणि त्यानं भावाच्या डोक्यावरचा अर्धा बांधलेला फेटा ओढला. निवेदक तयारीचा माणूस, त्यानं दुसरा माइक उचलला, "मंडळी, मालक मिळाले! मालक मिळाले!" सगळा घाट शिट्ट्या मारत होता. जिथे बघावं तिथे मोबाइल वर. मी ट्रॉलीत हसून हसून खाली बसले. बाई गोडीशेव खात म्हणाल्या, "मी काय केलं? त्याचंच शपथेवरचं वाक्य वाचायला दिलं. खरं आसतं तर कशाला चिडला आसता?"

तुम्हाला वाटेल, इथे खटला संपला. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण गंमत पुढेच आहे. पुढच्या तारखेला बाईंनी यात्रेतलं मोबाइलचं चित्रण कोर्टापुढे ठेवलं, तर दिलीपनं सांगितलं, मी प्यालेलो होतो. आणि विलास, ज्याचा फेटा चारचौघांत ओढला गेला होता, तो साक्षीला उभा राहून म्हणाला, "बैल माझाच हाय साहेब. जमीन बी माझीच हाय. दादा माझ्याकडं कामाला हाय." हे बोलताना त्याचा आवाज एकदाही कापला नाही. दिलीपनं चमकून त्याच्याकडे बघितलं, आणि मला कळलं, की विलास आता दादासाठी खोटं बोलत नव्हता. तो स्वतःसाठी बोलत होता. आठवडा गेला नाही तोच त्यानं कलेक्टर विकून टाकला, कुठल्या कुठे लांब. दिलीप पोलिसात गेला, तर त्यांनी त्याचंच प्रतिज्ञापत्र त्याच्यापुढे धरलं.

आणि मग एके सकाळी तो पेठला, माझ्या नर्सरीत. दाढी वाढलेली. टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेकडे बघत म्हणाला, "विलासनं बागेला कुलूप घातलं. मला आत येऊ देत न्हाई."

मी पाणी घालत राहिले.

"कल्पना, जमीन माझी हाय असं सांगणारं कुणी ऱ्हायलं न्हाई गं. मी बी लिहून देऊन बसलोय. फकस्त तुझाच अर्ज हाय कोर्टात, हक्कसोड खोटी म्हणून."

सासर-माहेरच्या दोन्ही तालुक्यांत मिळून त्याची जमीन त्याची आहे, असं शपथेवर सांगणारी एकच बाई होती, आणि तिला त्यानं घरातून काढलं होतं. मला इतका आनंद झाला, की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी तडक नारायणगावला गेले आणि बाईंना म्हटलं, "माझा अर्ज मागे घ्या. जळू दे त्याला. झोपू दे भावाच्या गोठ्यात."

बाईंनी मला बसवलं, शेंगा पुढे केल्या. म्हणाल्या, "लई गोड लागंल, मला म्हाईत हाय. मला बी आवडंल बघायला. पण त्याचं बुडालं म्हंजे पोरीचं बुडालं. सूड नको बघू, सातबारा बघ. त्याला म्हणावं, कोर्टात उभा ऱ्हा आणि एकदा खरं बोल. खोट्या शपथेचं साहेब काय करतील ते करतील, त्यात मी पडणार न्हाई."

मी दोन दिवस नर्सरीतले ट्रे नुसते इकडचे तिकडे ठेवत होते. तिसऱ्या दिवशी ऋतुजा कॉलेजच्या यादीत तिचं नाव आल्याचं सांगायला आली आणि मी अर्ज तसाच ठेवला.

दिलीप साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. साहेबांनी विचारलं, "आधीचं प्रतिज्ञापत्र खोटं होतं?" तो म्हणाला, "व्हय." "मग खरं काय आहे?" त्यानं आपल्या वकिलाकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तिनं जे लिवलंय ते सगळं खरं हाय, साहेब." कोर्टात कुणीतरी हसलं. साहेबांनी त्याला असं झाडलं, की तो पिंजऱ्यात लहान दिसायला लागला. मग त्याचे डोळे भरले. मला वाटलं, आता माझं नाव घेईल. तो म्हणाला, "कलेक्टर गेला, साहेब. लेकरासारखा सांभाळला व्हता." आणि ढसाढसा रडला.

बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "रडू दे त्याला बैलासाठी. आपण हुकूम लिहून घेऊ पोरीसाठी."

आणि घेतला. हक्कसोड माझ्या आणि पोरीच्या हक्काच्या आड येऊ शकत नाही, असं साहेबांनी लिहिलं. माझी पोटगी ठरली, पोरीच्या शिक्षणाचा खर्च बागेच्या उत्पन्नातून, आणि पहिली फी त्याच दिवशी जमा करायची. खोट्या शपथेबद्दल दिलीपला दंडही झाला. त्यानं तो भरला. बैल काही परत आला नाही.

बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. हृदयाचं दुखणं होतं. मास्तरांना ते शेवटी शेवटी कळलं. सगळ्यांची पोती झाडणाऱ्या बाईनं हे एक मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. येडगावला लोक मावत नव्हते. पांढऱ्या साड्या नेसून कुठल्या कुठल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका आल्या होत्या, आणि एकमेकींना विचारत होत्या, "तुमची केस कसली?" मीही त्यांच्यात बसले. मला बाईंचा राग आला होता. त्या असत्या तर म्हटलं असतं, तुमचं वकीलपत्र कुणी घ्यायचं?

पण मला बाई आठवतात त्या हुकूम झाला त्या दिवशीच्या. कोर्टाबाहेर दिलीप जवळ येऊन म्हणाला होता, "आता घरी येशील का?" बाई लगेच बाजूला सरकल्या, "हे माझ्या कामात बसत न्हाई." मी त्याला नाही म्हटलं. चांगलं स्पष्ट म्हटलं. तो गेला, आणि मी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसले ती उठेचना. जिंकलेली बाई आणि हुंदके देतेय, जाणारे-येणारे बघत होते. मी म्हटलं, "बाई, वीस वर्षांत हा एकदा तरी माझ्यासाठी असा रडला असता ना, तर मी त्याला एक पैसा विचारला नसता हो."

  बाई गुडघे धरत कण्हत माझ्या शेजारी बसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. मग उसवलेल्या कोटानं माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चल, ऊठ. कॉलेजात फीची खिडकी बंद व्हईल."